माहितीच्या कोठाराची राखीव प्रत : गेलेली माहिती वेळेत परत कशी आणावी?

आजचे युग हे माहितीचे युग आहे, असे आपण नेहमी ऐकतो. परंतु माहितीचे मोल आपल्या समाजाला संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरातील आजोबांच्या नावाची एक ओळ, कोतवाल बुकाची नक्कल, जुना सातबारा किंवा गाव नमुन्यातील एखादी नोंद, एवढ्याच आधारावर नातवाचे जातीचे प्रमाणपत्र आणि पुढे त्याची वैधता ठरते. अनुसूचित जाती व नवबौद्ध अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. तो कागद वाळवीने खाल्ला किंवा तो रजिस्टर पुरात भिजला, म्हणजे त्या कुटुंबाच्या वाट्याला कशी पायपीट येते, हे बाळापूर, पातूर, अकोला परिसरातील वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

आता या नोंदी झपाट्याने संगणकात गेल्या आहेत. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षांचे निकाल, बँकेची खाती, दवाखान्यातील केसपेपर, हे सर्व आता संगणकाच्या उदरात साठवलेले असते. कागदाला वाळवी लागते, तशी संगणकाच्या माहितीलाही वाळवी लागते. फक्त तिची नावे निराळी आहेत. चकती बिघडते, आग लागते, पाणी शिरते, विषाणू घुसतो, किंवा एखादा दमलेला कर्मचारी रात्री चुकीचा आदेश देऊन बसतो. म्हणून माहितीची राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, ठेवतात. हे बहुतेकांना माहीत आहे. मात्र त्यापुढचा प्रश्न फार कमी लोक विचारतात. तो म्हणजे, राखीव प्रतीवरून माहिती परत उभी करायला वेळ किती लागेल? अर्ज भरण्याची मुदत संपल्यावर परत आलेली माहिती ही त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने न आल्यासारखीच होय. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा, विशेषतः अतिशय मोठ्या माहिती-कोठारांच्या संदर्भात, विचार करावयाचा आहे.

माहितीचे कोठार म्हणजे काय?

बँकेच्या खिडकीवर आपण पैसे भरतो तेव्हा त्याची नोंद एका चालत्या संगणक-प्रणालीत होते. ही प्रणाली म्हणजे दुकानदाराची रोजची वही. परंतु गेल्या दहा वर्षांत कोणत्या तालुक्यात किती पीककर्ज वाटले, कोणत्या महिन्यात परतफेड घटली, असा विचार करायचा झाला तर रोजची वही पुरत नाही. त्यासाठी अनेक वह्यांतील नोंदी निवडून, स्वच्छ करून, एका सारख्या मापाने लावून वेगळ्या मोठ्या जागी साठवतात. यालाच इंग्रजीत डेटा वेअरहाऊस म्हणतात. आपण त्याला माहितीचे कोठार म्हणू. अमेरिकन संगणकतज्ज्ञ बिल इन्मॉन यांच्या १९९२ सालच्या पुस्तकामुळे ही कल्पना जगभर रूढ झाली. आपल्याकडे मुंबईच्या भारतीय रिझर्व्ह बँकेने आपल्या कोठारातील आकडेवारी २००४ पासून सर्वसामान्यांना खुली केली आणि जून २०२३ मध्ये त्याची नवी, अधिक सक्षम आवृत्ती सुरू केली.

रोजची वही आणि कोठार यांच्यात काही ठळक फरक आहेत. वहीत दर क्षणाला खाडाखोड चालते; कोठारात बहुधा रात्री एकदा नवा माल येतो आणि जुना माल जसाच्या तसा राहतो. वही लहान असते. कोठार प्रचंड असते, शेकडो टेराबाइटपर्यंत वाढते. एक टेराबाइट म्हणजे सुमारे एक हजार गीगाबाइट. हा आकारच राखीव प्रतीच्या बाबतीत मोठी अडचण उभी करतो. आणि जुना माल बदलत नाही, हा गुणच त्या अडचणीवरचा उपाय ठरतो. दोन्ही गोष्टी क्रमाने पाहू.

दोन प्रश्न, दोन मापे

राखीव प्रतीचे नियोजन करताना यंत्रे, सॉफ्टवेअर, खर्च यांच्याकडे वळण्याआधी दोन प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न : काम किती वेळ बंद राहिलेले चालेल? याला संगणकाच्या परिभाषेत ‘रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह’ असे नाव आहे. त्याचे लघुरूप आरटीओ असे होते. गाडीचे पासिंग करणाऱ्या कार्यालयाशी त्याचा संबंध नाही. आपण त्याला ‘उभारणीची मुदत’ म्हणू.

दुसरा प्रश्न : किती वेळाच्या नोंदी गमावलेल्या चालतील? काल रात्री दहा वाजता प्रत काढली आणि आज दुपारी दोन वाजता यंत्र बसले, तर मधल्या सोळा तासांच्या नोंदी प्रतीत नाहीत. हे नुकसान किती सोसता येईल त्याला ‘रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह’ म्हणतात. आपण त्याला ‘गमावण्याची मर्यादा’ म्हणू.

ही दोन उत्तरे सर्वांसाठी सारखी नसतात. शेअर बाजाराला मिनिटांचा हिशेब लागतो. गावच्या वाचनालयाला आठवडा चालेल. कोठाराच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे सोपे असते. रात्री आलेला माल जिथून आला ती मूळ वही शाबूत असेल, तर तेवढा भाग पुन्हा आणता येतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र अवघड असते, कारण कोठाराचा आकार. ही दोन्ही उत्तरे संगणक विभागाने एकट्याने ठरवू नयेत. ज्यांचे काम अडणार आहे त्यांना विचारून ती लेखी ठरवावीत.

त्रैराशिकाचे साधे गणित

विद्यार्थी मित्रांनी येथे पेन्सिल हाती घ्यावी. समजा, एका कोठारात १०० टेराबाइट माहिती आहे आणि ती राखीव प्रतीवरून १० गीगाबिट वेगाच्या जोडणीने परत आणायची आहे. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे सेकंदाला सव्वा गीगाबाइट माहिती येईल. १०० टेराबाइट म्हणजे १,००,००० गीगाबाइट. भागाकार केला असता ८०,००० सेकंद, म्हणजे सव्वाबावीस तासांच्या आसपास वेळ लागतो. जोडणी १ गीगाबिटची असेल तर हाच वेळ दहापट, म्हणजे नऊ दिवसांहून अधिक होतो. आणि हा हिशेब वाटेत कुठेही खोळंबा झाला नाही असे गृहीत धरून आहे. प्रत्यक्षात तसे कधीच घडत नाही.

आता चुंबकीय फितीचे, म्हणजे टेपचे उदाहरण घेऊ. अनेकांना वाटते की टेप इतिहासजमा झाली. वस्तुतः मोठ्या कोठारांच्या राखीव प्रतींसाठी ती आजही वापरली जाते. एलटीओ पद्धतीच्या नवव्या पिढीच्या एका टेपमध्ये, माहिती न दाबता, १८ टेराबाइट मावते आणि ती सेकंदाला ४०० मेगाबाइट वेगाने वाचली जाते. म्हणजे एक पूर्ण टेप वाचायला साडेबारा तास लागतात. आपल्या १०० टेराबाइटसाठी सहा टेपा लागतील. वाचणारे यंत्र एकच असेल तर जवळजवळ तीन दिवस गेले. चार यंत्रे असतील तर? पहिल्या फेरीत चार टेपा वाचल्या जातील, दुसऱ्या फेरीत उरलेल्या दोन. म्हणजे पंचवीस तास, आणि दुसऱ्या फेरीत दोन यंत्रे रिकामी बसून राहतील. हीच माहिती प्रत काढतानाच चार समान वाट्यांत, प्रत्येक यंत्रासाठी दोन टेपांवर, लिहून ठेवली असती तर सुमारे साडेसतरा तासांत काम उरकले असते. दोन टेपा जास्त लागल्या असत्या, पण साडेसात तास वाचले असते.

यातून या विषयाचे पहिले सूत्र हाती येते. परत आणण्याचा वेग हा प्रत काढताना ठरतो. प्रत कशी लिहिली, किती भागांत लिहिली, कुठे ठेवली, यावर तो अवलंबून असतो. संकट आल्यावर तो वाढवता येत नाही.

वाहतुकीचेही असेच आहे. १८ टेराबाइट माहिती १०० मेगाबिटच्या इंटरनेटवरून अकोल्याहून बाळापूरला आणायची तर साडेसोळा दिवसांहून अधिक लागतील. तीच टेप खिशात घालून कोणी एसटीने निघाला तर तासाभरात पोहोचेल. टेप वाचण्याचे साडेबारा तास त्यात मिळवले तरी चौदा तासांच्या आत काम होते. म्हणून प्रत किती लांब ठेवायची आणि ती कोणत्या वाटेने परत आणायची, याचा विचार एकत्रच करावा लागतो.

जुना माल वेगळा, नवा माल वेगळा

१०० टेराबाइटची अडचण आपण पाहिली. आता उपाय पाहू. शेतकरी आपला सगळा माल एकाच ढिगात ठेवत नाही. बियाण्याचा वेगळा, घरखर्चाचा वेगळा, विकायचा वेगळा, असे भाग करतो. कोठारातील माहितीचेही असेच भाग पाडतात. त्यांना ‘पार्टिशन’ म्हणतात. बहुधा हे भाग महिन्यानुसार असतात.

आपल्या कोठारात दहा वर्षांची, म्हणजे १२० महिन्यांची माहिती आहे असे समजू. महिन्याला सरासरी ०.८३ टेराबाइट झाली. २०१९ सालच्या जून महिन्याचा भाग आता कोणी बदलणार नाही. तो ‘केवळ वाचनासाठी’ असा शिक्का मारून बंद करता येतो. अशा बंद भागाची प्रत एकदा नीट काढली, तपासली आणि दोन ठिकाणी ठेवली, की पुन्हा दररोज काढण्याची गरज नाही. अधूनमधून ती वाचली जाते की नाही, एवढे पाहावे लागते. अशा रीतीने रोज प्रत काढण्याचे ओझे १०० टेराबाइटवरून चालू महिन्याच्या एका भागापुरते उरते.

याचा दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. संकट आल्यावर सर्व माहिती एकदम परत आणण्याची गरज राहत नाही. लोकांना बहुतेक वेळा अलीकडची माहिती हवी असते. शेवटच्या तीन महिन्यांचे भाग आधी आणले तर ते होतात अडीच टेराबाइट. वरच्याच १० गीगाबिट जोडणीने ते ३३ ते ३४ मिनिटांत येतात. कोठाराचे दार उघडले, कामाला सुरुवात झाली. जुने भाग मागाहून, एकेक करून, दिवसभर येत राहिले तरी चालते. पुराच्या वेळी घरातील माणसे आधी, मग धान्य, मग भांडीकुंडी बाहेर काढतात, तसाच हा क्रम आहे. फरक एवढाच की हा क्रम आधी कागदावर लिहून ठेवलेला असला पाहिजे. ऐन वेळी प्रत्येक विभागप्रमुखाला आपलाच भाग पहिला वाटतो.

पूर्ण प्रत, वाढीची प्रत आणि फरकाची प्रत

प्रत काढण्याच्या तीन रूढ पद्धती आहेत. सर्व माहितीची काढली ती पूर्ण प्रत. मागच्या प्रतीनंतर जेवढे बदलले तेवढेच घेतले ती वाढीची प्रत. आणि मागच्या पूर्ण प्रतीनंतर बदललेले सगळे घेतले ती फरकाची प्रत.

समजा रविवारी पूर्ण प्रत काढली आणि शनिवारी रात्रीची प्रत काढून झाल्यावर यंत्र बसले. वाढीच्या पद्धतीत रविवारची पूर्ण प्रत अधिक सोमवार ते शनिवार अशा सहा प्रती क्रमाने लावाव्या लागतात. त्यांतील बुधवारची एक प्रत खराब निघाली की पुढची साखळी तुटली. फरकाच्या पद्धतीत फक्त रविवारची आणि शनिवारची अशा दोनच प्रती लागतात. मात्र फरकाची प्रत रोज थोडी मोठी होत जाते. म्हणजे काढताना वेळ वाचवायचा की परत आणताना, याची निवड आपण करत असतो. आजकाल काही प्रणालींत वाढीच्या प्रती जुन्या पूर्ण प्रतीत रोजच्या रोज मिसळून ती ताजी ठेवण्याची सोय असते. अशी ताजी प्रत चकतीवर तयार असेल तर परत आणण्याचा बराचसा वेळ वाचतो.

कोठाराच्या बाबतीत एक सूक्ष्म धोका येथे सांगितला पाहिजे. साधारण प्रणालीत प्रत्येक बदलाची नोंद एका रोजनिशीत होते. तिला ‘लॉग’ म्हणतात. जुनी प्रत परत आणून तिच्यावर ही रोजनिशी चालवली की अगदी शेवटच्या क्षणापर्यंत पोहोचता येते. परंतु कोठारात रात्री लाखो ओळी भरताना वेग यावा म्हणून ही रोजनिशी पुष्कळदा बंद ठेवतात. मग त्या रात्रीचा माल रोजनिशीवरून परत येत नाही. उपाय दोन. माल भरून झाला की लगेच वाढीची प्रत काढावी. किंवा मूळ वह्यांतून आलेल्या फाइली काही दिवस जपून ठेवाव्यात, म्हणजे त्या रात्रीची भरणी पुन्हा करता येते. यांपैकी एकही उपाय केलेला नसेल, तर रोजनिशीवर विसंबून राहणे फसवे ठरते.

नक्कल म्हणजे राखीव प्रत नव्हे

पुष्कळ ठिकाणी मुख्य यंत्रासारखेच दुसरे यंत्र चालू ठेवतात. पहिल्यात झालेला बदल क्षणार्धात दुसऱ्यात उमटतो. पहिले बंद पडले की दुसरे काम सांभाळते. ही व्यवस्था चांगली आहे, मोठ्या कोठारासाठी तर ती सर्वांत वेगवान होय. परंतु ती राखीव प्रतीची जागा घेऊ शकत नाही. पहिल्यात चुकून पुसलेली ओळ दुसऱ्यातही तत्काळ पुसली जाते.

याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचलेले आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा घातकी प्रोग्राम जगभर पसरला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची यंत्रणा त्यात कोसळली आणि त्याबरोबर नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाकडून चालवले जाणारे टर्मिनलही ठप्प झाले. माल उतरवायचा कुठे आणि चढवायचा कुठे, हेच कळेना. मर्स्ककडे बहुतेक सर्व्हरांच्या राखीव प्रती होत्या. परंतु कोणाला कोणत्या यंत्रात प्रवेश द्यायचा हे ठरवणारे जे सुमारे १५० सर्व्हर होते, त्यांची वेगळी प्रत नव्हती. ते एकमेकांच्या नकला ठेवत असत, म्हणून ती गरज कोणाला वाटली नव्हती. हल्ल्यात ते सगळे एकदम गेले. वाचला तो फक्त आफ्रिकेतील घाना देशातला एक. कारण त्या वेळी तेथे वीज गेलेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता.

पुढची हकिकत आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. घानातील ती काहीशे गीगाबाइट माहिती इंग्लंडला इंटरनेटने पाठवायला कित्येक दिवस लागले असते, इतकी तेथील जोडणी मंद होती. माणूस पाठवावा तर तेथील कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. अखेर घानाच्या कर्मचाऱ्याने ती चकती नायजेरियात नेली, तेथे दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती दिली आणि त्याने ती विमानाने लंडनला पोहोचवली. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे दाव्होस येथे सांगितल्याप्रमाणे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. जगातील एवढ्या मोठ्या कंपनीचे भवितव्य एका गावातील वीज जाण्यावर टिकले, हे नशीब झाले. नियोजन त्याला म्हणता येणार नाही.

आकार मोठा म्हणून प्रतच नको, हा विचारही किती महाग पडतो ते दक्षिण कोरियाने २०२५ साली अनुभवले. २६ सप्टेंबर रोजी देजॉन शहरातील सरकारी माहिती-केंद्रात बॅटरीतून आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांची ८५८ टेराबाइट कामाची कागदपत्रे जिथे होती ती साठवण जळाली. ती फार मोठी म्हणून तिची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. तंत्रज्ञानात अग्रेसर असलेल्या देशातही असे घडू शकते.

मुंबईतही आपण आग पाहिली आहे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयात चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांपर्यंत गेली. पाच जणांचे प्राण गेले आणि असंख्य फाइली भस्मसात झाल्या. ज्या कागदाची दुसरी प्रत जिल्ह्याच्या कार्यालयात, दुसऱ्या विभागात किंवा संगणकात होती तोच कागद पुन्हा उभा राहण्यासारखा होता. प्रत त्याच इमारतीत ठेवणे म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावणे होय.

रंगीत तालमीचे महत्त्व

नाटक बसवणारी मंडळी प्रयोगाआधी रंगीत तालीम घेतात. राखीव प्रतीची तालीम मात्र कोणी घेत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याच्या हातून रात्री उशिरा चालू डेटाबेस पुसला गेला. कंपनीकडे प्रती ठेवण्याच्या एक-दोन नव्हे, पाच पद्धती होत्या. वेळ आली तेव्हा एकही नीट चालत नव्हती. एक पद्धत आवृत्तीच्या फरकामुळे बंद पडलेली होती आणि ती बंद पडल्याचे सूचना-पत्रही पोहोचत नव्हते. दुसऱ्या कामासाठी योगायोगाने सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत हाती लागली म्हणून निभावले. तीसुद्धा मंद चकतीवर होती, त्यामुळे ती परत भरण्यात बराच काळ गेला आणि सेवा जवळपास अठरा तास बंद राहिली. कौतुकाची गोष्ट ही की, कंपनीने हे सर्व जगापासून लपवले नाही. घडले तसे जाहीर केले. म्हणूनच इतरांना शिकता आले.

मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी तेथील व्यवहार थांबले, ते दुपारी पावणेचार वाजता पुन्हा सुरू झाले. दुसऱ्या शहरात पर्यायी केंद्र असूनही त्या दिवशी काम तिकडे हलवले गेले नाही. त्यानंतर सेबीने नियम कडक केले. बिघाड झाल्यापासून अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करावी आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रातून काम सुरू व्हावे, असे बंधन आले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे यंत्राइतकाच माणसाच्या निर्णयाला वेळ बांधून दिला. पुढे २ मार्च व १८ मे २०२४ या दोन शनिवारी बाजाराने पर्यायी केंद्रातून खरेखुरे व्यवहार करून दाखवले. रंगीत तालीम म्हणतात ती हीच.

याउलट, दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी हल्ला झाला. पाच सर्व्हरांतील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. सुदैवाने एका न बाधलेल्या सर्व्हरवर राखीव प्रत होती आणि रुग्णांची माहिती परत मिळाली. परंतु बहुतेक कामे पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले. तोवर नोंदी हाताने लिहाव्या लागल्या. वरच्या गणिताने १.३ टेराबाइट माहिती वाहून आणायला अर्धा तासही लागत नाही. मग दोन आठवडे कशात गेले? नवी यंत्रे उभी करणे, प्रत्येक संगणक तपासून स्वच्छ करणे, परत आलेली माहिती खरी आहे याची खात्री करणे, यांत. म्हणजे माहिती वाहून आणणे हा उभारणीचा एक तुकडा आहे. उरलेल्या तुकड्यांचा हिशेबही मांडला पाहिजे.

नियोजनाचा आराखडा

वरील विवेचनावरून एखाद्या मोठ्या कोठारासाठी पुढीलप्रमाणे आराखडा करता येईल :

१) उभारणीची मुदत आणि गमावण्याची मर्यादा काम करणाऱ्यांशी बोलून लेखी ठरवावी, सर्व कोठारासाठी एकच न ठरवता प्रत्येक भागासाठी वेगळी ठरवावी.

२) माहितीचे महिनावार भाग पाडावेत, जुने भाग बंद करून त्यांची कायम प्रत काढावी.

३) परत आणण्याचा क्रम आधी लिहावा. ज्या याद्यांवाचून बाकीचे आकडे वाचताच येत नाहीत, उदाहरणार्थ गावांची, खात्यांची, योजनांची यादी, त्या पहिल्या, मग अलीकडचे महिने, मग जुने.

४) जे पुन्हा तयार करता येते त्याची प्रत काढावी की नाही, हे गणित करून ठरवावे. बेरजांचे तक्ते आणि अनुक्रमणिका मूळ माहितीवरून पुन्हा बनतात. पण त्या बनवायला प्रत आणण्यापेक्षा अधिक वेळ लागत असेल तर त्यांचीही प्रत ठेवावी.

५) माहितीच्या किमान तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या गावी, हा रूढ नियम पाळावा. एक प्रत जाळ्यापासून तोडलेली असावी.

६) परवलीचे शब्द, कुलपाच्या किल्ल्या, परवाने, कोणाला बोलवायचे त्यांचे फोन, ही यादी कागदावर छापून ठेवावी. बंद पडलेल्या संगणकात ठेवलेली यादी कामाची नाही.

७) वर्षातून किमान दोनदा कोऱ्या यंत्रावर माहिती परत आणून पाहावी, घड्याळ लावून वेळ मोजावा आणि आलेल्या बेरजा मूळ बेरजांशी ताडून पाहाव्यात. आकार वाढला की हा वेळही वाढतो, म्हणून जुन्या मोजमापावर विसंबू नये.

८) आपत्ती झाली असे कोणी आणि किती मिनिटांत जाहीर करायचे, ते पदनामासह लिहावे.

आपल्या घरी, आपल्या संस्थेत

कोणी म्हणेल, शेकडो टेराबाइटच्या गोष्टी आम्हाला काय कामाच्या? एक तर आपल्यापैकी अनेक मुले-मुली आज संगणकाचे शिक्षण घेत आहेत. उद्या त्यांच्यापैकी कोणाच्या तरी हाती असे कोठार असेल. त्यांनी राखीव प्रत ‘आहे का?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘किती तासांत परत येते, आणि शेवटचे आणून कधी पाहिले?’ असे विचारावे. नोकरीच्या मुलाखतीतही या प्रश्नाचे उत्तर देणारा विद्यार्थी उठून दिसेल.

दुसरे असे की, हीच सूत्रे लहान प्रमाणावर कोणत्याही संस्थेला लागू पडतात. सभासदांची यादी, जमाखर्च, विद्यार्थ्यांना दिलेल्या मदतीच्या नोंदी, जुन्या कार्यक्रमांची छायाचित्रे, हे सर्व पुष्कळदा एकाच पदाधिकाऱ्याच्या मोबाइलमध्ये किंवा एकाच कपाटात असते. त्याची एक प्रत संस्थेत, एक पेन ड्राइव्हवर दुसऱ्या सभासदाच्या घरी आणि एक दुसऱ्या गावी ठेवणे फार खर्चाचे नाही. वर्षातून एकदा, वार्षिक सभेच्या आधी, ती उघडते का ते पाहावे. घरोघरीही वडीलधाऱ्यांचे शाळेचे दाखले, कोतवाल बुकाची नक्कल, जातवैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका यांच्या साक्षांकित प्रती आणि स्वच्छ स्कॅन केलेल्या फाइली करून ठेवाव्यात. गुणपत्रिकांसारखे काही दाखले सरकारच्या डिजिलॉकरमध्येही मिळतात. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, जमिनीपासून उंचावर ठेवावा. मन आणि म्हैस नद्यांच्या काठी राहणाऱ्यांना पाण्याचा भरवसा किती धरावा हे ठाऊकच आहे.

ज्या समाजाच्या कितीतरी पिढ्यांच्या नोंदी कोणी लिहूनच ठेवल्या नाहीत, त्याला लिहिलेल्या एका ओळीची किंमत अधिक कळते. ती ओळ आता संगणकाच्या कोठारात असो वा ट्रंकेतील कागदावर, ती जपली पाहिजे आणि मागितली त्या दिवशी हाती आली पाहिजे. एवढ्यासाठी प्रत्येक सभासदाने आणि विद्यार्थ्याने येत्या रविवारी एक तास काढावा, आपल्या कागदपत्रांची यादी करावी, आणि ज्याची दुसरी प्रत नाही त्याच्यापुढे लाल खूण करावी. सुरुवात तेथूनच होईल.